लाइट येईपर्यंत

नियाज आतारांना कुणी "काय, कसं चाललंय?" असं विचारलं, की ते म्हणायचे, "पुढचे चार तास तरी ठीक दिसतंय." ऐकणारा हसायचा. आतारसाहेब हसायचे नाहीत, कारण त्यांनी विनोद केलेलाच नसायचा. पुढच्या चार तासांत शहराची वीज टिकेल की नाही हे सांगणं, हीच त्यांची नोकरी होती, आणि त्यापलीकडचं बोलायची जिभेला सवय राहिली नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत पुण्याला किती वीज लागेल हे सांगणारे मोठे साहेब वेगळे असतात. त्यांचं चुकलं तर दहा वर्षांनी कळतं, आणि तोवर साहेबांची बदली झालेली असते. चार तासांचं सांगणाऱ्याचं तसं नाही. त्याचं चुकलं की पाचव्या तासाला फोन वाजतो आणि पलीकडून अख्खं पुणं बोलतं. पुणं कसं बोलतं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना जास्त सांगायला नको.

वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदा होता आणि त्यावर शहराच्या सगळ्या लाइनींच्या रेघा. लाल म्हणजे वीज चालू, हिरवी म्हणजे बंद. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं आणि जुन्या माणसाला चौकातला सिग्नल उलटा वाटायला लागतो. या पडद्यापुढे बसून आतारसाहेब दिवसभर एकच प्रश्न विचारायचे: यातलं एक गेलं तर? दोन ट्रान्सफॉर्मर आहेत, एक बंद पडला, तर उरलेला सगळा भार उचलेल का? उचलेल म्हणता, पण कुठवर? दुकानांचे दिवे लागल्यावरही? इंजिनिअर लोक याला "एन मायनस वन" म्हणतात. गुरुवार हा पुण्यात विजेच्या दुरुस्तीचा वार. कुठली लाइन बंद करून माणसं खांबावर चढवायची, त्याचे अर्ज आधीच यायचे आणि आतारसाहेब एकेकाला हो किंवा नाही म्हणायचे. त्यांच्या होकाराला परमिट म्हणत.

हे गणित कॉम्प्युटरही करायचा, आणि चांगलं करायचा. पण कॉम्प्युटरला लग्नं कळत नाहीत, असं आतारसाहेबांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांच्या टेबलावर पंचांगाचं कॅलेंडर असायचं. मुहूर्त दाट असला की संध्याकाळी सगळी मंगल कार्यालयं एकदम झगमगणार, त्या दिवशी परमिट देताना हात आखडता घ्यायचा. शेजारच्या खुर्चीवर श्यामला गद्रे बसायच्या. कोथरूडहून स्कूटरवर येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या आणि जे बोलतील ते टाचणी टोचल्यासारखं बोलणाऱ्या. त्या म्हणायच्या, "आतारसाहेब, इतके मुहूर्त आमच्या गुरुजींनासुद्धा पाठ नाहीत. दक्षिणा तेवढी घेत जा."

कामाची ही खोड घरीही आली होती. विश्रांतवाडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक वस्तूला जोडीदार होता. छत्र्या दोन, सिलिंडर दोन, कुलपाची दुसरी किल्ली शेजारी. चष्मेसुद्धा एकाच नंबरचे दोन. बायको अख्तरबानू वैतागायची आणि म्हणायची, "अहो, नवरा मात्र मी एकच ठेवलाय. त्याचं काय ते आधीच बघून ठेवा." ते हसायचे. पण हसता हसता मध्येच कुठेतरी गप्प व्हायचे, आणि का ते अख्तरबानूला माहीत होतं. दुसरा नग मिळत नाही अशी एक गोष्ट त्यांच्या आयुष्यात होती आणि ती बिघडून आठ-नऊ वर्षं झाली होती. ती गोष्ट म्हणजे त्यांचा थोरला भाऊ.

थोरल्याचं नाव तालिब. कसबा पेठेत वडिलांच्या वेळचं अत्तराचं दुकान, अरुंद आणि खोल, दुपारीही दिवा लावावा लागेल असं. वडील लवकर गेले तेव्हा तालिब शाळेत होते. ते दुकानात बसले आणि धाकट्याला शाळेत बसवलं. लहानग्या नियाजला अंधाराची भीती वाटायची. लाइट गेली की थोरला त्याला गादीवर शेजारी ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "लाइट येईपर्यंत बस." मग अंधारातच एकेका कुपीत काडीवरचा फाया बुडवून त्याच्या नाकाशी धरायचा. ओळख बघू. खस, मोगरा, केवडा. नियाज ओळखायचा, चुकायचा, हट्टानं परत मागायचा. मग दिवे यायचे आणि थोरला गिऱ्हाइकांकडे वळायचा. लाइट आल्याचं वाईट वाटणारा त्या पेठेत तो एकटाच मुलगा असेल. पुढे तोच विजेच्या कंपनीत लागला, याचं थोरल्याला फार कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पुण्याचा दिवा आमच्या नियाजच्या हातात आहे.

आणि अशा या भावांचं बिनसलं ते दिव्यावरूनच.

तालिबभाईंच्या मुलीची, रुमानाची मंगनी ठरली. पाहुणे सोलापूरचे. घरासमोरच्या बोळात मांडव, संध्याकाळचा कार्यक्रम. तालिबभाई जनरेटर सांगायला निघाले होते, त्यांना आतारसाहेबांनी अडवलं. "जनरेटर कशाला, भाईजान? मी आहे ना. त्या संध्याकाळी लाइट जाणार नाही. माझा शब्द." चार तासांपलीकडचं कधी न बोलणारा माणूस, घरच्यांत बसल्यावर आठवड्यानंतरचं बोलून गेला. माणूस घरीच तर चुकतो.

मंगनीच्या दिवशी एक सहकारी आजारी पडला म्हणून आतारसाहेबांना कामावर यावं लागलं. सुटताच थेट मांडवात जायचं ठरलं होतं, नवा कुर्ता पिशवीत होता. आणि कावळा बसायला नि फांदी मोडायला एक गाठ पडावी तसं झालं. उन्हं उतरता उतरता एका उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर बंद पडला. जोडीच्या दुसऱ्यानं सगळा भार घेतला आणि तो तापायला लागला. आतारसाहेबांनी गणित मांडलं. दिवे लागेपर्यंत हा टिकेल. त्यानंतर कुठला तरी एक फीडर, म्हणजे एखाद्या भागाला वीज नेणारी लाइन, तासाभरासाठी बंद करावा लागेल. नाही केला तर हा ट्रान्सफॉर्मरही जाईल आणि मग एक भाग नाही, अर्धं शहर अंधारात बसेल. गणितात काहीही चूक नव्हती. अशा वेळी कुणाची वीज आधी घालवायची याची पाळी ठरलेली असते, आणि त्या दिवशी पाळी नदीपलीकडच्या एका फीडरची होती. श्यामलाबाईंनी तसं वाचून दाखवलं.

आतारसाहेब म्हणाले, "नको. कसबा घ्या."

रुमानाची मंगनी आज आहे हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सकाळीच त्यांनी पेढे वाटले होते. कुणी काही बोललं नव्हतं, बोलणारही नव्हतं. पण आतारसाहेबांना आपल्याच मनात ऐकू आलं: आपल्या घरचा मांडव वाचवला बघा यांनी. नाकासमोर चालणाऱ्या माणसांची ही एक जात असते. आपल्याला कुणी पक्षपाती म्हणू नये म्हणून ती आपल्याच माणसाची मान पुढे करतात आणि त्याला न्याय म्हणतात. श्यामलाबाई म्हणाल्या, "पाळी त्यांची नाही." आतारसाहेबांनी नुसतं "कसबा" म्हटलं. श्यामलाबाईंनी फोन उचलला. पडद्यावरची ती रेघ लालची हिरवी झाली.

इकडे मांडवात अंगठी घालायची वेळ आणि अंधार एकदमच आले. सोलापूरचे पाहुणे मोबाइलच्या उजेडात बसले, रस्सा कुणाच्या तरी शेरवानीवर सांडला, आणि एका म्हाताऱ्या पाहुण्यानं अगदी सहज विचारलं, "मुलीचे चाचा लाइटवाले आहेत ना?" लग्न मोडलं नाही. रुमाना सोलापुरात सुखात आहे, दोन मुलांची आई आहे. आणि तालिबभाईंनी त्या रात्री भावाला बोलही लावला नाही. यंत्र आहे, बिघडतं, असंच ते सगळ्यांना सांगत होते.

खरं बाहेर आलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही कौतुकातून. पेठेतला लाइनमन उत्तरेश्वर दुकानावर आला आणि भरल्या मनानं म्हणाला, "आतारसाहेबांसारखा माणूस होणे नाही. पाळी दुसऱ्यांची होती, साहेबांनी घरची बंद केली."

संध्याकाळी आतारसाहेब मिठाई घेऊन गेले. आतारांच्या घरात बोलणं दखनीत चालायचं, पण भांडायला मराठीच बरी, असं तालिबभाईंचं मत होतं. पेठेत राहून तेवढं शिकायला होतंच. ते मराठीत बोलले.

"लोक काय म्हणतील याचा हिशोब केलास. मी काय म्हणेन, याचा केला नाहीस?"

आतारसाहेब कर्तव्याबद्दल काहीबाही सांगायला लागले. तालिबभाईंनी ऐकून घेतलं.

"माझी पाळी नव्हती, नियाज," ते म्हणाले, आणि आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? बायकांनी येणंजाणं ठेवलं, ईदेचा शिरखुर्मा इकडून तिकडे जात राहिला, पण आतारसाहेब पेठेत पाऊल टाकेनासे झाले. पहिल्या वर्षी लाजेनं गेले नाहीत. पुढे, इतके दिवस आला नाहीस आणि आता कसा आलास, या प्रश्नाच्या भीतीनं गेले नाहीत. त्यांनी अत्तर लावणंही सोडलं. दुसऱ्याच्या दुकानातलं घ्यायचं कसं?

मात्र पडद्यावर ते रोज कसब्यात जायचे. सकाळी शटरं वर गेली की त्या फीडरचा भार चढायचा. तांबटांच्या पॉलिशच्या मोटारी सुरू झाल्या की आणखी थोडा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी किंचित उतरायचा. आतारसाहेब त्या आकड्याकडे पाहत मनात म्हणायचे, आता उठले असतील, आता दुकान उघडलं असेल, आता पंखा लावला असेल. एका दुकानाची एक ट्यूब नि एक पंखा त्या एवढ्या मोठ्या आकड्यात दिसणार कुठून? हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी पाहायचे. एवढंच काय ते भावाचं दर्शन त्यांच्या वाट्याला उरलं होतं.

एकदा अख्तरबानू पेठेतून आली ती हसत आली. आता सगळ्या दुकानदारांनी इन्व्हर्टर घेतले, भाईजाननी काही घेतला नाही. भाभी मागे लागली, तर म्हणाले, आमचा माणूस बसलाय ना तिकडे, इन्व्हर्टर कशाला? आतारसाहेबांनी विचारलं, हे कसं म्हणाले? टोमण्यानं की कसं? अख्तरबानूला सांगता येईना. पुण्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा टोमणा आणि माया एकाच सुरात निघतात, कोणतं काय ते बाहेरच्याला कळत नाही. आतारसाहेबांनी ते वाक्य पुढे किती तरी दिवस मनात उलटंपालटं करून पाहिलं. चार तासांचा भरवसा सांगणाऱ्या माणसाला सात शब्दांचा अर्थ लागेना.

मग निवृत्ती आली. शाल झाली, नारळ झाला, भाषणात एकानं त्यांना शहराचा आधारस्तंभ म्हटलं. सगळे चहाकडे वळल्यावर श्यामलाबाई जवळ आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नव्हता.

"आता कसब्याकडे कुणी बघायचं, आतारसाहेब?" त्यांनी हळूच विचारलं.

आतारसाहेबांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली. घरी आल्यावरही तोच प्रश्न सोबत आला. सकाळी जाग यायची, हात चष्म्याकडे जायचा, आणि मग आठवायचं की बघायला पडदाच नाही. विश्रांतवाडीच्या खिडकीतून आळंदी रस्त्यावरच्या बसेस दिसत, कसबा पेठ दिसत नव्हती. भाऊ उठला असेल का, हे कळायची सोयच राहिली नाही. पडदा होता तोवर वाटायचं, आहे, चालू आहे, जाऊ कधीतरी. आता ते कधीतरी छातीवर येऊन बसलं. त्यांना भावाची आठवण लहान मुलासारखी यायला लागली, जेवताना, रस्ता ओलांडताना, कुठेही. सत्तरीपलीकडचा भाऊ. हा गेला तर? दुसरा कुठून आणायचा?

शेवटी अख्तरबानूच बोलली. "अहो, पडदा गेला. पेठ कुठे गेलीय? बस जाते तिकडे."

त्यांनी गुरुवार निवडला. कसब्यात दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचं पेपरात आलं होतं. अंधार असलेला बरा, भाईजानच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते बघावं लागणार नाही, असा त्यांचा हिशोब. मनपाच्या बसथांब्यावर उतरून ते नव्या पुलावरून चालत निघाले आणि पुलाच्या मधोमध थांबले. ऊठ म्हणाले तर? ओळखच दिली नाही तर? जन्मभर प्रत्येक प्रश्नाला त्यांनी दुसरी वाट तयार ठेवली होती. या प्रश्नाला नव्हती. तरी ते पुढे निघाले.

पेठेत पॉलिशच्या मोटारी बंद होत्या म्हणून तांबटांचे हातोडे लांबवर ऐकू येत होते. बाकीच्या दुकानांत इन्व्हर्टरवर दिवे लागले होते. एकच दुकान काळोखात होतं. आतारसाहेब पायरीशी उभे राहिले. आत गादीवर कुणीतरी बसल्याचा आकार तेवढा दिसला.

"लाइट कधी येणार?" आतून आवाज आला. गुरुवारी पेठेत येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही विचारतात, तसाच.

आतारसाहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चारपर्यंतचं परमिट असेल. आधीही येईल."

आतला आकार किंचित पुढे झुकला.

"परमिट म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच," आतला आवाज म्हणाला. मग घसा खाकरला. "बस. लाइट येईपर्यंत बस."

आतारसाहेब चपला काढून गादीच्या कडेला बसले. बोलायचं घरून ठरवून आणलं होतं, त्यातलं काहीच सापडेना. शेजारी कुपीचं बूच उघडल्याचा बारीक आवाज झाला आणि काडीवरचा फाया त्यांच्या नाकाशी आला.

"ओळख."

"खस."

"नाक शाबूत आहे म्हणायचं."

तेव्हा आतारसाहेबांना रडू आलं. अंधार होता म्हणून त्यांनी ते येऊ दिलं. "भाईजान," ते म्हणाले, "तुमची पाळी नव्हती."

तालिबभाईंनी फाया भावाच्या मनगटावर फिरवला, बूच लावलं, कुपी चाचपून जागेवर ठेवली. मग आतारसाहेबांनी विचारलं, सगळ्यांनी घेतला, तुम्ही इन्व्हर्टर का घेतला नाही?

"गुरुवारी लाइट गेली की मला वाटायचं, नियाजनं बंद केली," तालिबभाई म्हणाले. "म्हणजे आहे तिकडे. कामावर आलाय, तब्येत ठीक आहे. इन्व्हर्टर घेतला असता तर मला कसं कळलं असतं?" पुढे म्हणाले, "मागच्या महिन्यात गेली तेव्हा तुझी भाभी म्हणाली, तू रिटायर झालास. मग नुसताच अंधार झाला."

इतकी वर्षं आतारसाहेब लाइट असली की भावाला बघत होते, आणि भाऊ लाइट गेली की त्यांना बघत होता.

तेवढ्यात ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. चारच्या बऱ्याच आधी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाईजानची दाढी पांढरीशुभ्र झाली होती, गाल बसले होते, डोळे ओले होते. आतारसाहेब दिलेल्या शब्दाचा माणूस. लाइट येईपर्यंत बस म्हटलं होतं आणि लाइट आली होती. ते उठले आणि पायानं चपला शोधायला लागले.

तालिबभाई गुडघ्यावर हात टेकत उठले, भिंतीशी गेले आणि बटण बंद केलं.

"अजून आली नाही," ते म्हणाले. "बस."

समोरच्या दुकानात पंखा फिरायला लागल्याचा आवाज येत होता. आतारसाहेबांनी एक चप्पल घातली होती, ती परत काढली.